सव्वा इंची पाइप आणि ८० अश्वशक्ती: घरी बांधलेल्या गाडीचा एक्झॉस्ट कुठे अडतो आणि ते कसं शोधायचं

जालन्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. स्वतः बांधलेली दोन सीटची गाडी, पाइपची चासी, वर फायबरची बॉडी. इंजिन मारुती जिप्सीचं, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारं). गाडी हलकी असूनही साडेचार हजार आरपीएमच्या पुढे ओढत नाही, नुसता आवाज वाढतो. एक्झॉस्ट चासीच्या पाइपांमधून वाट काढत सव्वा इंची एमएस (साध्या पोलादी) पाइपात केलाय, चार ठिकाणी काटकोनात कापून जोडलाय, आणि मागे मारुती ८०० चा सायलेन्सर लावलाय. प्रश्न: सगळं काढून अडीच इंची पाइप टाकावा का?

अडीच इंची नको. या इंजिनाला दोन इंची पाइप भरपूर होतो. पण पाइप विकत घ्यायच्या आधी बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला अडवणारा मागचा दाब, मोजा, कारण तुमच्या वर्णनात अडथळ्याच्या तीन जागा आहेत: पाइपचा व्यास, काटकोनी जोड आणि सायलेन्सर. पाइप बदलून सायलेन्सर तोच ठेवला तर निम्मे पैसे वाया जातील.

आधी हिशेब करू. चार स्ट्रोकचं इंजिन दर फेऱ्याला आपल्या क्षमतेच्या निम्मी हवा ओढतं, म्हणजे इथे ०.६४९ लिटर. ६००० आरपीएमला आणि सिलिंडर ८५ टक्के भरतो असं धरून ही हवा मिनिटाला साधारण ३,३०० लिटर, म्हणजे सेकंदाला ५५ लिटर होते. जळून बाहेर पडताना तिचं तापमान ६०० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे आकारमान तिप्पट होतं: सेकंदाला सुमारे १६५ ते १७० लिटर. सव्वा इंची पाइपचा बाहेरचा व्यास ३१.७५ मि.मी.; दीड मि.मी. जाडी दोन्ही बाजूंनी वजा केली की आत २८.७५ उरतात. एवढ्या भोकातून तो वायू सेकंदाला २५० मीटरच्या वर वेगाने धावतो. पावणेदोन इंचीत (आतून ४१.५) हाच वेग सुमारे १२५ वर येतो आणि दोन इंचीत (आतून ४७.८) ९५ च्या खाली.

दाबाची घट वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून हे आकडे दिसतात त्यापेक्षा जास्त बोचतात. तुमची सध्याची नळी, चार काटकोन आणि सायलेन्सर मिळून ढोबळ हिशेबाने ३००० आरपीएमला पाव बार, ४५०० ला अर्धा बार आणि ६००० ला पाऊण ते एक बार दाब मागे उभा राहतो. दोन इंचीत गोल बेंड आणि सरळ सायलेन्सर लावला तर ६००० ला ०.१ ते ०.१५ बार. अडीच इंचीत आणखी ०.०६ बारच्या आसपास वाचतील. त्यातून मिळणारी ताकद एका टक्क्याच्या आगेमागे असेल आणि बदल्यात वजन, आवाज आणि जमिनीपासूनची उंची हे सगळं गमवावं लागेल.

दाबाचं ताकदीत रूपांतर कसं करायचं? ८० अश्वशक्ती ६००० आरपीएमला देणाऱ्या १२९८ सीसी इंजिनाचा सरासरी कार्यकारी दाब (पिस्टनला ढकलून प्रत्यक्ष ताकद देणारा सरासरी दाब) ९ बारच्या थोडा वर येतो. मागे ०.१ बार दाब वाढला की पिस्टनला वायू बाहेर ढकलायला तेवढं जादा काम करावं लागतं, म्हणजे सरळ एक टक्का गेला. शिवाय जळलेला वायू सिलिंडरमध्ये उरतो, नवीन मिश्रणाची जागा खातो, त्याचा साधारण तेवढाच दुसरा टक्का. म्हणून ०.१ बारला दोन टक्के हा अंदाज कामापुरता ठीक आहे. तुमच्या गाडीत वरच्या टोकाला १५ टक्क्यांच्या आसपास नुकसान संभवतं. खालच्या आरपीएमला ते जाणवणार नाही, कारण प्रवाह निम्मा झाला की दाब चौथाईवर येतो.

एक गोष्ट इथेच नीट पाहा. एक्झॉस्ट अरुंद असला की इंजिन हळूहळू दमतं, ताकद उतरत जाते. ठरावीक आरपीएमला एकदम भिंत लागल्यासारखं होत असेल, झटके बसत असतील, तर दोष बहुधा दुसरीकडे आहे: पेट्रोलचा दाब, इग्निशन किंवा एक दात चुकून बसलेला टायमिंग बेल्ट. घरी बांधलेल्या गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त सापडणारा दोष तर याहून साधा असतो. पेडल पूर्ण दाबूनही थ्रॉटल पूर्ण उघडतच नाही, कारण केबल दुसऱ्या गाडीची, पेडल तिसऱ्या गाडीचं. एकाने पेडल जमिनीला लावावं, दुसऱ्याने थ्रॉटलचा लिव्हर शेवटच्या स्टॉपरला टेकतोय का ते हाताने पाहावं. एका मिनिटाचं काम आहे, आणि ते न करता पाइप कापणारे बरेच असतात.

त्यानंतर इनटेकची बाजू तपासा. इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज जोडून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या. व्हॅक्यूम जवळपास शून्यावर यायला हवा. स्कॅनरवर मॅप सेन्सरचा (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा दिसत असेल तर अजून बरं. मात्र मराठवाडा पठारावर आहे हे विसरू नका. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, तिथे हवेचाच दाब ९४ ते ९५ किलोपास्कल असतो. पूर्ण थ्रॉटलला ९३ दिसले तर इनटेक मोकळा आहे. समुद्रसपाटीचे १०१ दिसायला हवेत म्हणून एअर फिल्टर बदलत बसू नका. ८५ दिसले तर मात्र फिल्टर किंवा त्याची नळी अडते आहे. आपल्याकडच्या धुळीत ते नवल नाही. याच कारणाने मे महिन्याच्या चाळीस अंशांत, या उंचीवर, कंपनीच्या ८० पैकी सहा-सात अश्वशक्ती आधीच कमी मिळतात. त्या कुठल्याच पाइपने परत येत नाहीत.

इनटेक आणि पेट्रोल ठीक निघालं की एक्झॉस्टचा दाब मोजायचा. ऑक्सिजन सेन्सर काढला की एम १८ × १.५ आट्यांचं भोक मिळतं. त्यात बसणारा अडॉप्टर खरादावर करून घ्या. त्याला फ्रिज-एसीवाल्यांकडे मिळणारी पाव इंची तांब्याची नळी, किमान एक मीटर, गुंडाळी करून जोडा. ती नसेल तर रबरी नळी वितळते आणि गेज जातो. पुढे रबरी नळी आणि ० ते १.६ बारचा गेज. गेज काचेच्या बाहेर टेपने लावा, आत घेऊ नका. नळी निसटली तर कार्बन मोनॉक्साइड थेट तुमच्या तोंडाशी येतो. मोबाइलवर गेज आणि टॅकोमीटर एका फ्रेममध्ये घेऊन चित्रीकरण करा, म्हणजे चालवणाऱ्याला आकडे वाचावे लागत नाहीत. सेन्सर काढलेला असताना इंजिनाचं कंट्रोल युनिट दोष दाखवेल, ते मोजणीपुरतं चालतं.

गाडी उभी ठेवून रेस देऊन घेतलेलं माप फक्त पूर्ण तुंबलेला पाइप पकडायला उपयोगी. आयडलला गेज जेमतेम हलावा, २५०० आरपीएमला ०.२ बारच्या आतच राहावा. तिथेच जास्त आला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे धूर शुद्ध करणारी जाळी) किंवा सायलेन्सर आतून तुंबलाय. खरं माप लोडवरच मिळतं: मोकळ्या खासगी जागेत, तिसरा गिअर, पूर्ण थ्रॉटल, ३००० पासून ६००० पर्यंत. तिथे ०.१५ बारपर्यंत असेल तर एक्झॉस्टला हात लावू नका. ०.१५ ते ०.३ मध्ये असेल तर एखादा बेंड किंवा सायलेन्सर बदलून काम होतं. ०.३ च्या वर गेला तर नव्याने बांधायलाच हवा.

एवढ्यावर थांबलात तर अडतंय हे कळेल, कुठे ते कळणार नाही. म्हणून आणखी दोन जागी, एक कॅटच्या मागे आणि एक सायलेन्सरच्या लगेच पुढे, पाइपवर एम १० ची नटं वेल्ड करा, आत ३ मि.मी.चं भोक पाडा, भोकाच्या आतल्या कडेचा बर (धातूची उरलेली धार) काढा (बर राहिला की माप खोटं येतं), आणि मोजून झालं की बोल्ट आणि तांब्याचा वॉशर लावून बंद करा. तीन आकड्यांची वजाबाकी केली की प्रत्येक तुकडा किती दाब खातो ते समोर येतं. सायलेन्सरपुढचा आकडा सौम्य रेसला अगदी बारीक असतो. त्यासाठी गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाइप यू आकारात भिंतीला लावून पाणी भरा. दोन बाजूंच्या पाण्यात एक मीटर फरक पडला तर तो जवळपास ०.१ बार. गाडी चालवताना अर्थातच गेजच हवा.

तुमच्या बाबतीत सायलेन्सर मोठा वाटा खाणार, हे मोजायच्या आधीच सांगता येतं. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसी आणि ३७ अश्वशक्तीचं. तो सायलेन्सर तेवढ्या वायूसाठी बनवलेला आहे, आणि तिथे तो चांगलाच आहे. त्यातून दुप्पट वायू ढकलला की त्याची दाबाची घट चौपट होते. नवीन घेताना आतून सरळ, जाळीदार नळीचा घ्या: नळी ५० मि.मी., लांबी ४०० ते ४५० मि.मी., जाळीचा उघडा भाग किमान ३० टक्के. जाळीवर आधी स्टीलवूलचा एक थर, त्यावर ग्लासवूल किंवा बसाल्टवूल. स्टीलवूल नसेल तर ग्लासवूल काही महिन्यांत भोकांतून उडून जातं आणि सायलेन्सर रिकाम्या डब्यासारखा वाजायला लागतो.

आता काटकोनी जोड. पाइप ४५ अंशांत कापून जोडला की प्रवाह कोपऱ्यावर सुटतो. अशा एका काटकोनाचा तोटा गोल बेंडाच्या चौपट-पाचपट असतो, बेंडाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या दीडपट धरली तर. प्रेसवर दाबून वाकवलेला पाइप यांच्या मधला; त्यात आतली बाजू चेपते आणि क्षेत्रफळ पाव हिश्शाइतकं घटू शकतं. मँड्रेलवर (पाइपच्या आत आधार घालून) वाकवलेला बेंड सगळ्यात चांगला. संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक पट्ट्यात पाइप बेंडिंगची कामं होतात, पण चार बेंडांसाठी मशीन लावायला कोणी सहसा तयार होत नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे डेअरी फिटिंग. दूध आणि अन्नप्रक्रिया उद्योगासाठीचे एसएस ३०४ चे ९० आणि ४५ अंशांचे बेंड दीड इंची, दोन इंची, अडीच इंची मापात तयार मिळतात, आतून गुळगुळीत, भिंत दीड मि.मी.च्या आसपास. हेच कापून हव्या त्या कोनाचा तुकडा करता येतो. वाळू भरून गरम करून वाकवायची जुनी पद्धतही चालते, फक्त वाळू चुलीवर कोरडी भाजून घ्या आणि एका टोकाच्या बुचाला बारीक भोक ठेवा. ओल राहिली तर वाफेने बूच गोळीसारखं उडतं.

जोडांवर जरा थांबतो, कारण चांगला पाइपसुद्धा इथेच वाया जातो. आत लोंबलेलं वेल्ड सगळीकडून २ मि.मी. असेल तर ४१ मि.मी.च्या नळीचं ३७ होतं आणि क्षेत्रफळ १९ टक्के घटतं. फ्लँजचं भोक पाइपपेक्षा लहान, किंवा बाजारातलं गॅस्केट आत आलेलं, याचाही परिणाम तोच. एसएस पाइप टिग वेल्डिंगने जोडताना आतून आर्गॉन सोडायलाच लावा. तो वाचवला तर जोडाच्या आत फुलकोबीसारखा काळा खरखरीत फुगवटा येतो, प्रवाह अडतो आणि पुढे तिथेच तडा जातो. ३०४ ला ३०८ एल फिलर, एसएस आणि एमएस एकमेकांना जोडायचे तर ३०९ एल. एसएस ३०४ तापल्यावर बरंच वाढतं: एक मीटर पाइप ५०० अंशांनी तापला की ८ ते ९ मि.मी. लांब होतो. ही वाढ कुठेतरी जिरायला हवी, म्हणून डाउनपाइपनंतर (मॅनिफोल्डमधून खाली येणाऱ्या पाइपनंतर) १०० ते १५० मि.मी.चा फ्लेक्स, म्हणजे लवचीक तुकडा, लावा आणि पुढे रबरी हँगर. फ्लेक्स घेताना आत एकात एक अडकलेल्या पट्ट्यांची नळी आहे ना ते बोट घालून पाहा. स्वस्तातल्या फ्लेक्सला ती नसते. मग आतली घडी कोसळते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ‘पाइप मोठा केला तरी फरक पडला नाही’ या तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. जिप्सीचा ओतीव मॅनिफोल्ड चासीत बसत असेल तर पहिल्या फेरीत तो तसाच ठेवा; खालचा पाइप सुधारल्यावर पुन्हा मोजा आणि मगच हेडरचा (नळ्या जोडून बनवलेल्या मॅनिफोल्डचा) विचार करा. हेडर करायचाच असेल तर १-३-४-२ या फायरिंग ऑर्डरला ४-२-१ रचना (चार नळ्यांच्या दोन, दोनांची एक) रस्त्यावरच्या चालवण्यासाठी बरी: १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी. पहिल्या नळ्या दीड इंची, १.६ मि.मी. भिंतीच्या, म्हणजे आतून जवळपास ३५ मि.मी., लांबी ३८ ते ४० सें.मी. पुढच्या दोन नळ्या आतून ४४ मि.मी.च्या आसपास, साधारण तेवढ्याच लांब. मग दोन इंची. चारही नळ्यांची लांबी दोन-तीन सें.मी.नी कमीजास्त झाली तर जीव टाकू नका. नळीत चेपलेला बेंड येण्यापेक्षा तो फरक परवडतो. फ्लँज ८ ते १० मि.मी. जाड घ्या, जुन्या हेडवर किंवा जाड प्लेटवर बोल्टने घट्ट बसवूनच वेल्ड करा, नाहीतर वाकडा होऊन गळतो. फ्लँजचं भोक पोर्टपेक्षा मि.मी.भर मोठं चालेल, लहान अजिबात नको. पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर नट परत आवळा.

‘थोडं बॅक प्रेशर लागतंच, नाहीतर टॉर्क जातो’ हे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येईल. बॅक प्रेशरचा इंजिनाला काहीही फायदा नाही. फायदा असतो तो वेगाचा आणि दाबाच्या लाटांचा: नळी योग्य व्यासाची असेल तर एका सिलिंडरचा झोत पुढच्याला रिकामं व्हायला मदत करतो. पहिल्या नळ्या फार रुंद केल्या की हा झोत मंदावतो, खालचा पिकअप जातो आणि दोष ‘बॅक प्रेशर कमी झालं’ यावर ढकलला जातो. सायलेन्सरमागच्या पाइपला हा नियम लागू नाही.

गाडी बुटकी आहे म्हणून पाइप जमिनीला घासतो का तेही पाहा. दोन इंची गोल पाइप पंचवीस मि.मी. उंचीपर्यंत एकसारखा चपटा केला तरी सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्रफळ शिल्लक राहतं, त्यामुळे चासीखालच्या तुकड्यात मुद्दाम चपटा पाइप वापरायला हरकत नाही. स्पीडब्रेकरवर आदळून पडलेला अणकुचीदार पोचा मात्र त्याहून वाईट. फायबरच्या बॉडीपासून ४० ते ५० मि.मी. अंतर ठेवा, जागा कमी असेल तर मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा, दोन्ही बाजूंना हवा खेळेल असा. ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंगही तेवढ्याच दूर. गरम गाडी ज्वारीच्या धसकटांवर किंवा वाळल्या पऱ्हाटीवर उभी करू नका. कॅटचं तापमान आग लावायला पुरेसं असतं.

कॅट काढून टाका असा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. रबरी हातोडीने हलकं ठोकून पाहा. आत खुळखुळ वाजलं तर जाळी फुटली आहे, बदला, आणि तिचे तुकडे सायलेन्सरमध्ये अडकलेत का तेही तपासा. जाळी अखंड असेल तर दोन बाजूंच्या दाबातला फरकच निकाल देईल. रस्त्याचा विषय निघालाच आहे तर, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीकृत वाहनातले फेरबदल अडवतं, आवाज आणि धुराच्या नियमभंगाला कलम १९०(२) लागू होतं, आणि शून्यातून बांधलेल्या गाडीचं पासिंग हा वेगळाच डोंगर आहे. चाचण्या खासगी जागेतच करा. कॉलेजच्या फॉर्म्युला गाड्या बांधणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक ओळ: तुमच्या स्पर्धेत पेट्रोल इंजिनाला इनटेकवर २० मि.मी.चा रिस्ट्रिक्टर (हवा अडवणारं अरुंद तोंड) सक्तीचा असतो, तुमची वरची ताकद तिथेच अडते. एक्झॉस्टचा व्यास वाढवत बसण्यापेक्षा तो वेळ इनटेक प्लेनमला (हवेच्या पेटीला) द्या.

नवा एक्झॉस्ट बसल्यावर मिश्रण तपासल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल देऊ नका. या इंजिनात पेट्रोल मॅप सेन्सरवरून ठरतं. मागचा अडथळा गेला की मॅप सेन्सरवर तोच आकडा असतानाही सिलिंडरमध्ये जास्त ताजी हवा येते, पेट्रोल मात्र जुन्या हिशेबाने पडतं. वर मिश्रण पातळ होतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचं नेमकं प्रमाण दाखवणारा) उसना आणा, पूर्ण लोडवर हवा-पेट्रोल प्रमाण १२.८ ते १३.२ मध्ये ठेवा. १३.५ च्या वर गेलं तर पेट्रोलचा दाब आणि इंजेक्टर पाहा, गरज पडली तर कंट्रोल युनिटचं ट्यूनिंग. कार्ब्युरेटर असेल तर मेन जेट एक माप मोठा. मूळ ऑक्सिजन सेन्सर चारही नळ्या एकत्र झाल्यावर, पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात, तिरका बसवा. सरळ खाली बसवला तर सकाळचं साचलेलं पाणी त्याला तडा देतं. एका वायरचा सेन्सर इंजिनपासून लांब गेला तर तापतच नाही, तिथे हीटर असलेला घ्या.

मग तोच गेज, तोच तिसरा गिअर, ३००० ते ६००० ला लागणारा वेळ मोबाइलवर, दोन्ही दिशांनी, दिवसाच्या त्याच वेळी. दाब ०.१५ बारच्या आत आला आणि वेळ दहा-पंधरा टक्क्यांनी कमी झाला तर काम झालं. दाब उतरला पण गाडी अजूनही साडेचार हजारालाच दम सोडते, असं असेल तर एक्झॉस्टला दोष देणं थांबवा, टायमिंग कव्हर उघडा आणि बेल्टच्या खुणा जुळतात का ते पाहा.